एकटीने जायचे म्हणजे

पुढल्या वर्षी जुलैच्या अखेरीस मला फुलांच्या घाटीत जायचे आहे. एकटीने जायचे आहे, आणि गाडी न करता जायचे आहे. रात्री जेवताना मी हे घरात सांगितले. फुलांच्या घाटीला सर्वांनी माना डोलावल्या. 'एकटीने' म्हणताच सुनेने वाढता वाढता हात थांबवला. आणि 'गाडी न करता' हे ऐकून मुलगा हसला. ते हसणे उपहासाचे नव्हते. म्हातारे माणूस एखादी गोष्ट विसरून बोलते आहे असे वाटले म्हणजे आपण जसे मायेने हसतो, तसे ते होते.

"आई, हरिद्वारला उतरलीस की गाडी उभी असेल," तो म्हणाला. "गोविंदघाटापर्यंत सोडील, तू वर जाऊन येईपर्यंत खाली थांबेल आणि परत आणील. तुला कोणाशी बोलावेसुद्धा लागणार नाही."

त्याच्या बोलण्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. तो पैसे देणार होता, काळजी करणार होता, आणि मला एकांत हवा आहे हेही त्याने ओळखले होते. तरीसुद्धा 'कोणाशी बोलावेसुद्धा लागणार नाही' हे त्याचे शब्द माझ्या मनात अडकून राहिले. मला जो एकांत हवा होता तो हाच का, असा प्रश्न त्या रात्रीपासून मला पडला आहे.

आधी या 'गाडी' शब्दाविषयी. माझ्या लहानपणी गाडी म्हणजे आगगाडी, नाहीतर बैलगाडी. 'गाडी चुकली' म्हटले की फलाटावर पंचा हलवणारे आजोबा डोळ्यांपुढे येत. आता 'गाडी आहे का?' या प्रश्नाचा एकच अर्थ उरला आहे, आणि 'नाही' हे उत्तर एखादे व्यंग सांगावे तसे हलक्या आवाजात द्यावे लागते. आगगाडी, एस्टी, वडाप, जीप यांतून आयुष्यभर प्रवास केलेल्या बाईला 'गाडी नाही' असे म्हणतात, ही भाषेने केलेली थट्टाच नव्हे काय?

तर बेत असा आहे. मुंबईहून हरिद्वारला थेट आगगाडी जाते. हरिद्वार किंवा ऋषिकेशहून पहाटेच्या अंधारात सुटणारी बस पकडायची. पहाडातल्या रस्त्यांवर रात्री वाहने चालू देत नाहीत, म्हणून दिवसाचा प्रकाश पुरवून पुरवून वापरावा लागतो. देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग, चमोली अशी नदीकाठची गावे एकामागून एक येतात आणि सुमारे अडीचशे किलोमीटरांवर जोशीमठ येते. 2024 पासून त्याचे सरकारी नाव ज्योतिर्मठ असे झाले आहे. तिथून वीसएक किलोमीटरांवर गोविंदघाट. त्या टप्प्याला भाड्याने चालणाऱ्या जीपा असतात, माणसे भरली की निघतात. गोविंदघाटाहून पुलना गावापर्यंत चार किलोमीटर तशीच जीप, आणि पुढे चाके संपतात. लक्ष्मणगंगेच्या काठाने नऊ-दहा किलोमीटर चढून गेले की सुमारे दहा हजार फुटांवर घांगरिया लागते. मुलाने देऊ केलेली गाडी कितीही चांगली असली तरी पुलन्यापुढे तीही माझ्याइतकीच निरुपयोगी, या विचाराने मला थोडा बालिश आनंद होतो.

घांगरियाहून घाटीचे तोंड तीन-चार किलोमीटर. ही घाटी 1982 साली राष्ट्रीय उद्यान झाली आणि 2005 साली, नंदादेवीच्या जोडीने, युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. क्षेत्र साडेसत्त्याऐंशी चौरस किलोमीटर. पण माणसाला चालायला मिळते ती त्यातली एक अरुंद वाट. आत मुक्काम करता येत नाही. सकाळी चौकीवर नाव नोंदवायचे, परवाना घ्यायचा, आणि संध्याकाळच्या आत बाहेर पडायचे. 1 जूनला दार उघडते, 31 ऑक्टोबरला बंद होते. ही ओळ तुम्ही दिवाळीचा फराळ खात वाचाल, त्या सुमारास तिथे बर्फाची चाहूल लागलेली असेल.

इतकी माहिती गोळा करायला मला दोन महिने लागले. गाडी केली असती तर दोन मिनिटे लागली असती. त्या दोन महिन्यांत माझ्या ध्यानात आले की, गाडीवाचून जाणाऱ्या माणसाला हा सगळा मुलूख आधी मनाने चालावा लागतो. बस चुकली तर कुठे राहायचे, दरड कोसळून रस्ता अडला तर कोणत्या गावात थांबता येईल, पिट्ठू कुठे मिळतो, गुरुद्वारात रात्र काढता येते का, हे सर्व विचारावे लागते. गोविंदघाट आणि घांगरिया या दोन्ही ठिकाणी गुरुद्वारे आहेत; हेमकुंडाला जाणारे शीख यात्रेकरू तिथे उतरतात आणि लंगरात कोणालाही जेवू घालतात. थोडक्यात, गाडीवाला मनुष्य एकाच माणसावर अवलंबून असतो आणि त्याला त्याचे पैसे देऊन मोकळा होतो. बिनगाडीचा मनुष्य पन्नास जणांवर अवलंबून असतो आणि त्यांतल्या बहुतेकांचे त्याला काहीच देता येत नाही.

हे काही मोठे पुण्य आहे असे मला सुचवायचे नाही. मी बसने गेले म्हणून हिमालयाचे काही भले होणार नाही. बसही डिझेलच जाळते, आणि ज्या रस्त्याने बस जाते तो डोंगर कापूनच केलेला आहे. 2023 च्या जानेवारीत जोशीमठातल्या शेकडो घरांना भेगा पडल्या, लोकांना भरल्या थंडीत घरे सोडावी लागली, ते आपण पाहिले. त्या भेगांना एकच कारण नाही. ते गावच मुळात जुन्या दरडीच्या राडारोड्यावर वसलेले आहे. पण अशा जमिनीवरून जाताना 'मी बसने आले' म्हणून मान ताठ करण्यात अर्थ नाही. गाडी नको म्हणण्यामागचे माझे कारण अगदी साधे आणि थोडे स्वार्थी आहे. गाडी म्हणजे घराची एक खोली. तीत बसून गेले की मी घरातून निघतच नाही. शिवाय खाली चार दिवस एक मनुष्य माझी वाट पाहत बसला आहे, ही जाणीव घेऊन मला फुले पाहता येणार नाहीत.

इथे माझी मोठी बहीण अक्का मध्ये पडली. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि तिचे कान गेले असले तरी तर्क शाबूत आहे. ती म्हणाली, "ड्रायव्हर वाट पाहणार हे तुला सहन होत नाही. मग आम्ही इथे वाट पाहत बसणार, ते कसे सहन होते?"

याला मला उत्तर देता आले नाही. आजही पुरते देता येत नाही. कारण या प्रश्नाशी माझे एक जुने देणे गुंतलेले आहे, आणि ते अक्काला ठाऊक आहे.

1979 सालच्या जुलै महिन्यात मी बावीस वर्षांची होते. राजगडावर मी एकटीने जायचे ठरवले. त्या काळी मुलीने एकटीने गडावर जाणे हेच एक बंड होते, आणि बंड करणाऱ्याला असतो तेवढा ताठा माझ्या अंगात भरपूर होता. पाली गावात एका घरी मी पिशवी ठेवली, संध्याकाळी जेवायला येते म्हणून सांगितले आणि पाली दरवाजाने वर गेले. वर धुके होते, पाऊस होता, आणि मी म्हणजे जगातले एकमेव माणूस होते. मला इतका आनंद झाला की उतरताना मी दुसरी वाट धरली. गुंजवण्याला उतरले, मार्गासनीपर्यंत चालले, एस्टी मिळाली, रात्री घरी येऊन गरम वरणभात खाल्ला. पिशवीत एक जुने लुगडे आणि डबा होता. पुढे कधी आणू, असे मनाशी म्हटले आणि झोपले.

दोन आठवड्यांनी पिशवी आणायला गेले तेव्हा कळले. संध्याकाळ झाली, मी आले नाही. त्या घरचा मनुष्य आणि शेजारचे दोघे कंदील घेऊन पावसात गड चढले. मला हाका मारत ते रात्रभर फिरले. पहाटे उतरताना त्याचा पाय निसटला आणि घोट्याचे हाड मोडले. भातलावणीचे दिवस होते. मी गेले तेव्हा तो ओट्यावर पाय बांधून बसला होता आणि त्याची बायको, पोरे आणि म्हातारी आई खाचरात होती.

मला पाहताच तो उठायला गेला. "आल्या का ताई! बरं झालं," एवढेच तो म्हणाला. त्याच्या बायकोने पिशवी आणून दिली. डबा घासून ठेवलेला होता. ती म्हणाली, "सांगून जायाचं व्हतं, ताई. आमी झोपलो असतो."

मी पैसे पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत. घेतले असते तर बरे झाले असते, असे मला पुष्कळ वर्षे वाटत राहिले. आणि तसे वाटणे हाच त्यातला खरा क्षुद्रपणा होता. मला देणे फेडायचे नव्हते, मोकळे व्हायचे होते.

गडावर मी एकटी होते असे मी तेव्हा सर्वांना सांगत असे. प्रत्यक्षात त्या रात्री माझ्या मागे तीन माणसे होती. मी त्यांना पाहिले नाही, एवढाच काय तो माझा एकांत.

आपल्याकडे एकट्याने चालण्याची परंपराच नाही असे काही लोक म्हणतात आणि वारीचा दाखला देतात. आळंदीहून पंढरीला लाखो लोक पायी जातात, पण दिंडीबाहेर कोणी चालत नाही. हरवलेल्यालाही दिंडीचा नंबर विचारतात. हे खरे आहे. परंतु ज्यांच्या नावाने दिंड्या चालतात ते तुकोबा मात्र भंडाऱ्याच्या डोंगरावर एकटेच जाऊन बसत. त्यांच्या एकांताची थोरवी आपण सर्वांनी ऐकली आहे. त्याच कथेत एक दुसरेही माणूस आहे. त्यांची बायको, जिला लोक आवली म्हणतात, ती भाकरी घेऊन उन्हातून तो डोंगर चढत असे. कीर्तनात तिची बडबड सांगून लोकांना हसवतात; मीही हसले आहे. पण एकांत कोणाच्या भाकरीवर चालतो, हा प्रश्न त्या कथेत आवलीच्या टोपलीत झाकून ठेवलेला आहे, आणि कीर्तनकार तो फडका सहसा उचलत नाहीत. तुकोबांची गोष्ट वेगळी, त्यांनी डोंगरावरून जे आणले ते साऱ्या महाराष्ट्राला पुरले. मी फुलांच्या घाटीतून काय आणणार? फार तर सर्दी.

फुलांच्या घाटीची कथाही मोठी बोलकी आहे. 1931 साली फ्रँक स्माइथ, एरिक शिप्टन आणि होल्ड्सवर्थ हे इंग्रज गिर्यारोहक कामेट शिखर चढून परतताना भ्यूंडारच्या या घाटीत उतरले. स्माइथ 1937 साली पुन्हा आला, राहिला, आणि 1938 साली त्याचे पुस्तक निघाले, तेव्हापासून घाटीचे हे नाव जगात झाले. पुस्तकी भाषेत याला 'शोध' म्हणतात. भ्यूंडार गावचे धनगर पिढ्यान्‌पिढ्या तिथे मेंढ्या चारत होते. त्यांना ती सापडलेलीच होती.

पुढे 1939 साली जोन मार्गारेट लेग नावाची इंग्रज बाई फुलांचे नमुने गोळा करायला तिथे आली. ती चोपन्न वर्षांची होती. सोबत हमाल होते. पण फूल खुडायला हात पुढे करताना माणूस एकटाच असतो. जुलै महिन्यात ती कड्यावरून घसरून पडली आणि गेली. तिला त्याच घाटीत पुरले. नंतर तिची बहीण तिथवर आली आणि तिने कबरीवर एक दगड बसवला. तो आजही तिथे आहे, येणारेजाणारे त्यावर फुले ठेवतात.

या बाईविषयी जे लिहिले जाते त्यात नेहमी असे येते की, तिला हवे तसे मरण आले, फुलांत आले. असेलही. मी विचार करते तो त्या बहिणीचा. त्या काळी इंग्लंडाहून बोटीने यायचे, मग आगगाडीने, मग डोंगर चढायचे, आणि हे सारे एका दगडासाठी. जोनने वर जाताना हिशेब केला असेल तो स्वतःच्या जिवाचा. बहिणीच्या त्या वाटचालीचा हिशेब कोणी केला होता? मी अक्काला ही गोष्ट सांगितली नव्हती. मुलाने ती कुठूनतरी वाचून तिला सांगितली, आणि मग अक्का मला म्हणाली, "मला दगड घेऊन यायला लावू नकोस. माझे गुडघे बघ."

इथे कोणी म्हणेल की, मग हा बेतच सोडून द्यावा. ज्याच्या मागे काळजी करणारे कोणीही आहे त्याने एकट्याने कुठे जाऊच नये. हा विचारही मी करून पाहिला, आणि तो मला पटला नाही. तसे असेल तर ज्याच्यावर कोणाची माया नाही तोच काय तो स्वतंत्र, असे म्हणावे लागेल. मायेचा अर्थ पहारा असा होऊ लागला की मायाही नासते. मी माझ्या मुलाला वसतिगृहात पाठवले, मग परदेशी पाठवले. तो गेला त्या रात्री मी झोपले नाही. पण जाऊ नकोस असे म्हटले नाही. वाट पाहणे हा प्रेमाचा एक भागच आहे. तो त्याच्या वाट्याला येऊ न देणे म्हणजे त्याच्यावर उपकार करणे, असे मला वाटत नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर हे फार जपून बोलले पाहिजे. पुरुष एकटा निघाला तर तो विरक्त होतो, बाई निघाली तर ती हट्टी होते. आणि 'लोकांना त्रास होईल' हे कारण बाईला जितक्या वेळा ऐकवले जाते तितके पुरुषाला ऐकवलेले मी पाहिले नाही. राजगडच्या प्रसंगाने मला एकटीने जाऊ नये असे शिकवले, असा निष्कर्ष माझ्या वडिलांनी तेव्हा काढला होता. पालीच्या त्या बाईने तो काढला नव्हता. तिने एवढेच म्हटले होते की, सांगून जायचे होते.

घाटीच्या बाबतीतली आणखी एक गोष्ट मला या संदर्भात आठवते. उद्यान झाल्यावर तिथली चराई बंद केली. मेंढ्या फुले तुडवतात, तर मेंढ्या काढा आणि फुलांना एकटे राहू द्या, असा तो साधा विचार होता. पुढे असे दिसले की, अमेला नावाचे एक उंच झुडपासारखे तण घाटीत पसरू लागले आणि लहान फुलांची जागा खाऊ लागले. काही अभ्यासकांनी म्हटले की, मेंढ्या ते तण खाऊन आणि तुडवून आवरत होत्या. काहींना हे पटले नाही. भरमसाट चराईने माती उघडी पडली होती म्हणूनच तण फोफावले, असे त्यांचे म्हणणे. हा वाद मिटवण्याची माझी पात्रता नाही. वनखाते आता माणसे लावून ते तण उपटून काढते. म्हणजे माणसावाचून राखलेल्या फुलांसाठीही माणसे वाकून काम करतातच. मी जेव्हा तिथे उभी राहून 'अहाहा, माणसाचा स्पर्श नाही' असे म्हणेन, तेव्हा कोणाचीतरी पाठ दुखत असेल.

शेवटी अक्काचा आणि माझा तह झाला. तहाची कलमे तिने पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतली आहेत, कारण तिला ऐकू येत नाही आणि माझ्यावर तिचा विश्वास नाही. घांगरियात फोन लागला तर रोज संध्याकाळी कळवायचे. न लागला तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिने घाबरायचे नाही. हे कलम मी घालून घेतले. वर जाण्यापूर्वी मुक्कामाच्या ठिकाणी कुठे जाते आणि केव्हा परतेन ते सांगायचे, आणि ठरल्या वाटेनेच परतायचे. दुसरी वाट कितीही सुंदर दिसली तरी धरायची नाही. हे शेवटचे कलम लिहिताना अक्काने माझ्याकडे पाहिले नाही, मीही तिच्याकडे पाहिले नाही. हेमकुंडाची चौदा हजार फुटांवरची चढण मी आपण होऊन सोडली आहे. ब्रह्मकमळे तिकडेच आहेत, त्याला इलाज नाही. सामान उचलायला पिट्ठू घ्यायचा. त्याचे भाडे ठरवताना घासाघीस करायची नाही, हे मुलाचे कलम. ते मला सर्वांत आवडले.

मुलाने एकच गोष्ट मान्य केलेली नाही. तो म्हणतो, बसच्या पन्नास माणसांत, जिपेच्या गर्दीत, गुरुद्वाराच्या पंगतीत, पिट्ठूच्या पावलामागून तू जाणार. मग यात एकटेपण कुठे उरले? माझ्या गाडीत तू जास्त एकटी राहिली असतीस. मी त्याला म्हटले की, घाटीत पोचल्यावर एखाद्या दगडावर तासभर बसेन, तेवढे पुरे आहे. तो म्हणाला, एका तासासाठी एवढा खटाटोप? मी हो म्हटले.

रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते. म्हणजे मे महिना येईपर्यंत हातात करण्यासारखे काही नाही. सध्या रोज सकाळी पर्वतीच्या पायऱ्या चढते. गेल्या महिन्यात एकदा पालीलाही जाऊन आले, एस्टीने आणि मग वडापने. तो मनुष्य काही वर्षांपूर्वी वारला. त्याची बायको आहे, माझ्यापेक्षा थोडी थोरली असावी. मी ओळख सांगितली तेव्हा तिला प्रसंग आठवला, चेहरा आठवला नाही. मी हिमालयात जाणार म्हटल्यावर तिने सोबत कोण आहे असे विचारले. कोणी नाही, म्हटले. ती थोडा वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "घरी सांगितलंय न्हवं?"

"सांगितलंय," मी म्हटले.

"मग जावा की," ती म्हणाली, आणि शेंगांचे सूप माझ्याकडे सरकवले.